मॉडेल शाखेतली गिऱ्हाइकं

मी एसटीत कंडक्टर होते. तेवीस वर्षं सोलापूर डेपोत काढली, बहुतेक अक्कलकोट, मोहोळ आणि बार्शीच्या गाड्यांवर. निवृत्त झाले त्या दिवशी डेपोतल्या लोकांनी मला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घरी आले तर मास्तरांनी माझ्यासाठी एक धंदा काढून ठेवला होता.

मास्तर म्हणजे माझा नवरा. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ते कटिंग मास्तर होते. कापडाचे साठ-साठ थर एकावर एक अंथरायचे आणि मशिनने एका दमात साठ चड्ड्या कापायच्या, हे त्यांचं काम. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणत, मग मीही म्हणायला लागले. खांदा धरला म्हणून त्यांनी माझ्याआधी दोन वर्षं काम सोडलं होतं. तेव्हापासून ते घरी बसून मोबाइलवर व्हिडिओ बघायचे. आधी गुडघेदुखीचे बघायचे, नंतर फ्रँचायझीचे बघायला लागले. दोन्हीकडचा माणूस सारखाच हात हलवून बोलायचा, त्यामुळे विषय बदलल्याचं मला बरेच दिवस कळलंच नव्हतं.

"फ्रँचायझी म्हणजे करायचं काय असतं?" मी विचारलं.

"काय करायचंच नसतं, हेच तर हाय त्यात. नाव त्यांचं, मसाला त्यांचा, बोर्ड त्यांचा. आपण फक्त जागा बघायची आन् पैसा लावायचा. मग आपण झोपलो तरी गल्ला भरत राहतो."

"आपण झोपल्यावर तिकीट कोण फाडणार?"

मास्तरांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. ही वही कारखान्यातली. पुढच्या पानांवर शाळांची मापं होती, कंबर आणि उंची. मागच्या पानांपासून त्यांनी धंदे लिहायला घेतले होते, आणि सवयीने प्रत्येकापुढे एक शेरा होता. नव्व्याण्णव प्रकारचे डोसे, त्यापुढे 'ढगळ'. रक्त-लघवी तपासणीचं केंद्र, 'काखेत दाटतंय'. पुरुषांचं ब्युटी पार्लर, 'उंचीला कमी'. एक आइस्क्रीम असं होतं की खाल्लं की नाकातोंडातून धूर निघायचा. ते बघायला मास्तर स्वतः गेले आणि खाऊन आले. त्यापुढे त्यांनी काहीच लिहिलं नाही.

शेवटी सात रस्त्याजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये चहाच्या एका कंपनीचा मेळावा होता, तिथे ते मला घेऊन गेले. जेवण फुकट होतं. शंभरेक माणसं असतील, आणि बहुतेकांच्या चेहऱ्यावर नुकताच फंड हातात आल्याचं तेज होतं. स्टेजवर तिशीतला एक मुलगा टाय लावून उभा होता. त्याने सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. म्हणाला, आता स्वतःचं दुकान बघा. मास्तरांनी डोळे गच्च मिटले. मी उघडे ठेवले, कारण तेवीस वर्षांत गाडीत सगळ्यांनी डोळे मिटले की मी एकटी जागी असायची, ती खोड जात नव्हती.

पण पुढे तो जे बोलला ते मला पटलं. म्हणाला, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. जुळे सोलापुरात आमची मॉडेल शाखा आहे. तिथं जा, आठ दिवस बसा, गिऱ्हाइकं मोजा. आकडा पटला तरच माझ्याकडं या."

मी मास्तरांना म्हटलं, "हा माणूस बरा वाटतो. ज्याच्या गाडीत विनातिकीट माणूस असतो, तो चेकरला स्वतःहून हाक मारत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही त्या शाखेत जाऊन बसलो. कोपऱ्यावरचं दुकान, समोर रस्त्यापलीकडे एक मोठं हॉस्पिटल. काचेचं दार, दाराला घंटी, आठ टेबलं. भिंतीवर माणसाच्या उंचीचा मातीचा कप रंगवलेला. केशर चहा, चॉकलेट चहा, पान चहा असे चौदा प्रकार होते. साधा चहा यादीत सगळ्यात खाली, बारीक अक्षरात. काउंटरमागे चाळिशीचा एक माणूस होता. त्याने आमच्याकडे एकदा बघितलं, मग आमच्या वहीकडे बघितलं, आणि फोन उचलून तेलुगूत हळूच म्हणाला, "लेक्कवाळ्ळु वच्चिन्रु."

सोलापूरच्या पूर्व भागातली विणकर मंडळी माझ्या गाडीत खूप असायची, त्यामुळे 'वच्चिन्रु' म्हणजे 'आले' हे मला कळलं. त्याच्या आधीचा शब्द कळला नाही.

मोजायची पद्धत मी ठरवली. आपण मोजतोय हे दुकानदाराला कळू नये म्हणून दाराकडे पाठ करून बसायचं आणि घंटी मोजायची. आत येणाऱ्याने दार उघडलं की घंटी वाजते, बाहेर जाणारा दार ढकलतो तेव्हा वाजत नाही, हे मी आधी दोनदा तपासून घेतलं होतं. एक घंटी, एक गिऱ्हाईक. मास्तर वहीत चार उभ्या रेघा मारून पाचवी आडवी मारायचे. मी तोंडी मोजायची, कारण कागदावर माझा विश्वास कमी.

पहिल्या दिवशी नऊ ते एक या वेळात एकशे सव्वीस घंट्या झाल्या. मास्तरांना घरी येऊन भाकरी गिळेना. दुसऱ्या दिवशी एकशे एकतीस. त्यांनी वहीत चहाच्या धंद्यापुढे 'अंगाबरोबर' असं लिहिलं. हा त्यांचा सगळ्यात वरचा शेरा. कारखान्यात तो त्यांनी फार तर दोन-तीन शाळांना दिला असेल.

तिसऱ्या दिवशी आम्हाला यायला जरा उशीर झाला. आमचं रोजचं टेबल गेलं होतं. एकच रिकामं होतं, भिंतीलगतचं, आणि तिथे माझं तोंड दाराकडे झालं. तेव्हा मी पहिल्यांदा ते दुकान नीट बघितलं.

दुकान भरलेलं होतं, पण दाराकडे तोंड करून बसलेली मी एकटी होते. बाकी सगळे भिंतीकडे तोंड करून बसले होते. कोणी बोलत नव्हतं. नवरा-बायको होते तेही शेजारी शेजारी बसून रंगवलेल्या कपाकडे बघत होते. प्रत्येकापुढे साधा चहा होता, आणि त्यावर साय धरलेली होती.

कंडक्टरला चेहरे लक्षात राहतात. विशेषतः मागच्या दाराने चढणाऱ्यांचे. मी एकेक चेहरा बघत गेले आणि मला वाटलं, ही सगळी माणसं काल होती आणि परवाही होती. मेळाव्यात जेवताना ज्याने गुलाबजाम रुमालात बांधून घेतले होते, तोही होता. कोपऱ्यात एक पांढऱ्या धोतरातले साठ-पासष्टचे गृहस्थ हातात जपमाळ घेऊन बसले होते. ते अक्कलकोटचे, हे मला त्यांच्या पिशवीवरच्या दुकानाच्या नावावरून कळलं. परवापासून मी त्यांना बघत होते आणि मनात म्हणत होते, काय भक्ती आहे, चहाच्या दुकानातही जप सोडत नाहीत.

तेवढ्यात मास्तर तंबाखू मळायला बाहेर गेले. ते आत आले, घंटी वाजली, आणि गृहस्थांनी एक मणी पुढे सरकवला.

मी थांबून बघितलं. कुरिअरवाला आला, एक मणी सरला. मग बराच वेळ दार उघडलं नाही, तर मणीही हलला नाही.

"अहो," मी मास्तरांना हळूच म्हटलं, "परत बाहेर जाऊन या."

"आत्ताच आलो की."

"जा म्हणते ना."

ते गेले, आले. एक मणी. मी त्यांना आणखी तीनदा पाठवलं. तीन मणी सरले. चौथ्यांदा मास्तरांनी विचारलं, "तब्येत बरी हाय न्हवं तुझी?" मी उठले आणि त्या गृहस्थांच्या टेबलाजवळ गेले.

"अण्णा, किती झाले?"

ते बेसावध होते. मण्यांवरचं बोट न काढता म्हणाले, "अष्ट्याहत्तर." मग त्यांनी वर बघितलं.

"आम्ही यायच्या आधी बसलेले धरून आमचे शहात्तर झाले," मी म्हटलं.

अण्णांच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव येईल असं मला वाटलं होतं. पण आला तो संशय.

"न्हाय अक्का. अष्ट्याहत्तरच. तुमचे दोन सुटले."

"सुटतील कसे? तेवीस वर्षं पॅसेंजर मोजलेत मी."

तेव्हा मागच्या टेबलावरची बाई भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "आमचं बी अष्ट्याहत्तर हुतंय." ती आणि तिचा नवरा नातेपुत्याहून आले होते, जुळे सोलापुरात दिराच्या घरी उतरले होते. तिच्या मांडीवर मक्याचे दाणे होते. मांडीवरून पदरात एकेक दाणा चालला होता.

मग तिसरीकडून कोणीतरी ऐंशी म्हणालं. गुलाबजामवाला म्हणाला चौऱ्याहत्तर, पण तो सव्वानऊला आला होता. हळूहळू खुर्च्या सरकल्या आणि सगळे आमच्याकडे वळले. चौदा माणसं निघाली. सगळे त्या मेळाव्यात होते किंवा त्याच्या आधीच्या मेळाव्यात, आणि सगळ्यांना त्या टायवाल्याने सांगितलं होतं, माझ्यावर विश्वास ठेवू नका, जाऊन मोजा.

खरं तर कोणालाही तेव्हाच कळायला हवं होतं. पण आधी अर्धा तास आम्ही शहात्तर की अष्ट्याहत्तर यावरच भांडलो. अण्णांचं म्हणणं, दूधवाला दोनदा आला. मी म्हटलं, दूधवाला गिऱ्हाईक कसा? ते म्हणाले, त्याने चहा घेतला. मास्तर म्हणाले, तो फुकट घेतला. शेवटी मी कारकिर्दीत शेकडो वेळा जे केलं होतं तेच केलं. टेबलांच्या मधल्या वाटेत उभी राहिले आणि म्हटलं, "सगळ्यांनी जागेवर बसा. मी एकेकाला विचारते. सकाळपासून किती वेळा आत आलात, खरं सांगायचं."

अण्णा सहा वेळा, कारण त्यांच्या सुनेचे फोन येत होते आणि आत रेंज नव्हती. नातेपुत्याचे पाहुणे पाच वेळा, बायको दोन वेळा. गुलाबजामवाला नऊ वेळा. त्याला साखर होती, हॉस्पिटलच्या बाथरूमला जावं लागायचं. मास्तर एकूण बारा. त्यातले चार मी पाठवलेले, तेवढे वजा करा असं ते म्हणाले. मी केले नाहीत. ते आत आले होते आणि घंटी वाजली होती. असं करत करत आम्ही चौदा जणांचे आकडे मांडले आणि एकूण घंट्यांतून वजा केले.

उरले नऊ. त्या नवात दोन कुरिअरवाले, एक दूधवाला, हॉस्पिटलमधले एक कंपाउंडर, आणि दुकानदाराचा मेहुणा. राहिलेल्या चौघांनी चहा घेतला नव्हता. ते इथे झेरॉक्स कुठे मिळते, हे विचारायला आले होते.

नातेपुत्याची बाई दाणे गोळा करत म्हणाली, "पर आमी बी पैसं दिऊनच पितो की. आमी गिऱ्हाईक न्हाय व्हय?"

हा प्रश्न सोपा नव्हता. अण्णा म्हणाले, "गिऱ्हाईक हायेच. पण चहा प्यायला आपण येत न्हाय. गिऱ्हाईक बघायला येतो." बाई म्हणाली, "कशाला बी यीना. पैसं तेवडंच पडत्यात." मास्तरांना हे पटलं. त्यांनी वही उघडली आणि चौदा परत मिळवायला घेतले. मी वही मिटली.

एवढा वेळ दुकानदार काउंटरमागे फडकं घेऊन एकच कप पुसत होता. अण्णा त्याच्याकडे न बघता मला म्हणाले, "त्याला पहिल्यापासून ठावं हाय, अक्का. फोनवर तो आपल्याला 'लेक्कवाळ्ळु' म्हणतो. आमच्या कन्नडातबी लेक्क म्हंजे मोजणी. मोजणारी माणसं आली, असं तो घरी सांगतो."

"मग तुम्ही बोलला नाहीत ते?"

"मला वाटलं, मला एकट्यालाच म्हणतोय."

दुकानदार बाहेर आला आणि आमच्यात खुर्ची ओढून बसला. चांगला माणूस होता. त्याच्या वडिलांचे टॉवेलचे माग होते. ते विकून त्याने हे दुकान घातलं होतं. म्हणाला, "पहिले दोन महिने कुत्रं फिरकत नव्हतं, मावशी. बंद करायला निघालो तर कंपनी म्हणाली, थांबा, तुम्हाला मॉडेल शाखा करतो. त्यानंतर रोज पंधरा-वीस माणसं यायला लागली. कोण आहेत ते मला आठ दिवसांत कळलं. पण आलेल्या माणसाला चहा नको कसं म्हणू?"

"आणि तुम्ही दुकान घ्यायच्या आधी चौकशी केली नव्हती?" मास्तरांनी विचारलं.

"केली की काका. बार्शीच्या शाखेत सहा दिवस जाऊन बसलो होतो. लई गर्दी होती. सगळे भिंतीकडं तोंड करून बसलेले." त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "मला वाटलं, तिकडची पद्धत असेल."

कोणी हसलं नाही. नातेपुत्याच्या पाहुण्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला त्या माणसाचं वाईट वाटत होतं आणि पोटात हसूही येत होतं. दोन्ही एकदम आवरताना माझा चहा सांडला.

नेमकी तेव्हाच घंटी वाजली. टायवाला आला होता, आणि त्याच्यामागे तीन नवी माणसं होती. दोघं भाऊ दिसत होते, तिसरे मोहोळचे निवृत्त हेडमास्तर. मला आज सांगायला लाज वाटते, पण दार उघडताक्षणी आम्ही चौदाच्या चौदा जण भिंतीकडे वळलो. दुकानदार उडी मारून काउंटरमागे गेला. अण्णांनी मणी सरकवले, चार.

टायवाला त्या तिघांना सांगत होता, "बघा. आडवारची सकाळ आहे. एक टेबल रिकामं नाही."

मला वाटलं, बोलावं. मग दुकानदाराकडे बघितलं. तो नुसता बघत होता, हो नाही आणि नकोही नाही. मास्तर कुजबुजले, "जाऊ दे की. त्याचं कशाला मोडायचं." पण ते हेडमास्तर अगदी माझ्या वडिलांसारखे दिसत होते, पायात तशाच चपला. मी उठले आणि गाडीत आवाज लावायची तसा लावला.

"इथं गिऱ्हाइकं मोजायला कोण कोण आलंय, हात वर करा."

आधी अण्णांचा हात वर गेला. मग नातेपुत्याच्या दोघांचे. एकेक करून सगळे हात वर झाले. मागे उभ्या असलेल्या त्या दोन भावांनी एकमेकांकडे बघितलं आणि त्यांनीही वर केले. शेवटी हेडमास्तरांनी, वर्गात करतात तसं एक बोट.

टायवाल्याने बोट नाचवत हात मोजले.

"सतरा," तो हेडमास्तरांना म्हणाला. "सर, आठवड्याच्या मधल्या दिवशी सतरा."

मी त्याला सगळा हिशेब समजावून सांगितला. घंट्या, बाथरूम, तंबाखू, झेरॉक्स. त्याने मध्येच न तोडता ऐकून घेतलं. ऐकताना तो मान हलवत होता आणि दोनदा मोबाइलवर काहीतरी टिपूनही घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही लोक इथं रोज येता. एकमेकांना ओळखता. असं ग्राहकाशी नातं जोडायला मोठमोठ्या कंपन्यांना वर्षं लागतात." आणि त्याने तिथल्या तिथे एक योजना सांगितली. सतरा जणांनी मिळून सतरा शाखा घेतल्या तर फीमध्ये सवलत. शिवाय सतरा शाखा म्हणजे प्रत्येकाला सोळा पक्की गिऱ्हाइकं, कारण आपल्या माणसाचं दुकान कसं चाललंय हे बघायला आपण जाणारच.

यात चूक कुठे आहे हे मला तेव्हा पटकन सांगता आलं नाही. गुलाबजामवाल्याने सवलत किती, असं विचारलंदेखील.

अण्णांनी जपमाळ पिशवीत टाकली आणि उठले. जाताना दुकानदाराला म्हणाले, "चहा बरा हाय तुझा. साधा." मग बाकीचेही उठले. मागे राहिले फक्त हेडमास्तर. मी दारातून वळून बघितलं तर ते आमच्या भिंतीलगतच्या टेबलावर बसत होते.

"सर, मी सांगितलं ते ऐकलंत ना?"

"ऐकलं, बाई. पण आपण आपलं एकदा मोजलेलं बरं," ते म्हणाले, आणि खुर्ची भिंतीकडे फिरवली.

त्यानंतर काय काय झालं ते थोडक्यात सांगते. आमच्या चौदातल्या कोणीच शाखा घेतली नाही. हेडमास्तरांनी घेतली. मोहोळला स्टँडजवळ त्यांचं दुकान आहे. जुळे सोलापूरची शाखा बंद झाल्यावर कंपनीने मोहोळलाच मॉडेल शाखा केलं, आणि सर मला एकदा बाजारात भेटले तेव्हा गर्दी चांगली असते म्हणाले. मी पुढे काही विचारलं नाही. दुकानदाराने करार संपल्यावर बोर्ड उतरवला आणि दोन झेरॉक्स मशिनी आणल्या. हॉस्पिटलमध्ये विम्याचे कागद लागतात, त्यामुळे त्याच्याकडे आता रांग असते. भिंतीवरचा कप त्याने पुसला नाही, त्यावर आधार कार्डाचे दर लिहिलेत.

माझ्या बाबतीत मात्र एक भलतंच सुरू झालं. नातेपुत्याच्या बाईने महिन्याभराने फोन केला. ते दोघं आता लहान मुलांच्या शाळेची फ्रँचायझी बघत होते, आणि तिने विचारलं, "मावशी, तुमी तेवढं मोजून देता का? तुमच्यावानी खरं कोन मोजत न्हाय." मी विजापूर रोडच्या त्या शाळेबाहेर तीन दिवस बसले. आत गेलेली मुलं मोजली आणि बाहेर आलेलीही मोजली. दुसऱ्या दिवशी एक मूल जास्त बाहेर आलं. ते शिक्षिकेचंच निघालं. नातेपुत्याच्या बाईने मला प्रवासखर्च आणि वर एक साडी दिली. मग तिच्या ओळखीचं कोणी आलं, मग त्यांच्या. एका पार्लरच्या मोजणीसाठी मास्तरांनी आठवड्यात तीन वेळा केस कापून घेतले. तिसऱ्या वेळी न्हाव्याने नुसती कात्री वाजवली.

मास्तर एवढे खुशीत आले की त्यांनी मोजणाऱ्या बाईसाठी गणवेश कापला. खाकी कोट, त्याला सहा खिसे. मी विचारलं, सहा कशाला? म्हणाले, मक्याच्या दाण्यांना.

आणि एक दिवस अण्णांची सून अक्कलकोटहून आली. हुशार बाई. म्हणाली, "मावशी, तुमची ही मोजणीची शाखा आम्हाला अक्कलकोटला द्या की. नाव तुमचं राहू दे, फी काय ती सांगा." मास्तर आत जाऊन वही घेऊन आले. मी दोन दिवस विचार करून हो म्हणणार होते. पण जाताना ती म्हणाली, "तेवढं मी आधी तुमच्याकडं दोन दिवस बसून बघते हं, किती लोक येतात ते."

मी म्हटलं, बस बाई. ती आमच्या ओट्यावर दोन दिवस बसली. मी तिला दोन्ही वेळा जेवायला वाढलं. त्या दोन दिवसांत तिच्याशिवाय आमच्याकडे कोणीही आलं नाही. तिसऱ्या दिवशी ती माझ्या पाया पडून गेली.

मी धंदा आवरता घेतला. मास्तर थोडे दिवस रुसले. पण शाळा सुरू व्हायच्या आधीचा हंगाम आला, कारखान्याने बोलावलं, आणि ते खांद्याला पट्टा बांधून सकाळचे चार तास जायला लागले. एकदा जेवताना ते म्हणाले, "त्या चहाच्या दुकानात तीन दिवस आपण दोघं सकाळी सकाळी बसून हुतो. लग्नाला चौतीस वर्षं झाली, असं कधी बसलो हुतो का?" मी म्हटलं, "भिंतीकडं तोंड करून?" ते म्हणाले, "कुठंबी असू दे." मी भात वाढला.

गेल्या महिन्यात आम्ही फंडाचे पैसे परत मुदत ठेवीत टाकायला बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, किती वर्षांसाठी? मी म्हटलं, पाच. मास्तरांनी सही केली, मुकाट्याने केली. मला बरं वाटलं. बाहेर आलो, मी रिक्षाला हात केला, तर मास्तर मागे नव्हते. ते बँकेच्या काचेजवळ उभे राहून चष्मा वर करून एक चिकटवलेला कागद वाचत होते.

"अगं, हितं बघ," ते म्हणाले. "बँकेची सुद्धा छोटी शाखा चालवायला देतात म्हणं."

रिक्षावाला म्हणाला, मावशी, बसताय ना? मी बसले आणि त्याला म्हटलं, थांब जरा, अजून एक यायचेत.